लातूर ते कच्छ

21 मार्च 2024 रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली, नांदेड आणि परभणी ह्या जिल्ह्यांत जमीन हादरली. थोड्या अंतराने दोन धक्के बसले. सुदैवाने मोठी हानी झाली नाही. त्या दिवशी नांदेडच्या जिल्हा प्रशासनाने जनतेस एक साधी सूचना केली : ज्यांच्या घरावर पत्रे आहेत, आणि ते जागचे हलू नयेत म्हणून ज्यांनी त्यांवर दगड ठेविले आहेत, त्यांनी ते दगड उतरवून घ्यावेत.

ही सूचना वाचली तेव्हा मला शेजारच्या लातूर जिल्ह्याची आठवण झाली. माथ्यावरचा दगड आणि माथ्यावरची माती म्हणजे काय, हे त्या जिल्ह्याइतके महाराष्ट्रात दुसऱ्या कोणास ठाऊक नसेल. भूकंपाचे शास्त्र सांगण्याचा मला अधिकार नाही. त्या आपत्तीतून उठलेल्या खेड्यांतील स्त्रिया पुढे दुसऱ्यांच्या पडलेल्या घरांपाशी कशा जाऊन बसल्या, आणि तेथे त्यांचा उपयोग का झाला, एवढाच इतिहास आज सांगावयाचा आहे.

30 सप्टेंबर 1993. गणपतीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी धक्का बसला. किल्लारी आणि तिच्या आसपासची लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे गेली. भूमापनाच्या दृष्टीने पाहिले तर हा काही जगातील फार मोठा भूकंप नव्हता. त्याहून मोठ्या धक्क्यांत इतरत्र माणसे वाचली आहेत. येथे माणसे मेली ती घरांमुळे.

मराठवाड्यातील जुने घर शहरात वाढलेल्या कित्येक श्रोत्यांनी पाहिलेही नसेल. दीड-दोन हात रुंदीच्या दगडी भिंती, आणि ते दगड मातीत बसविलेले. भिंतीची आतील बाजू व बाहेरील बाजू अशा जणू दोन निराळ्या भिंती, आणि मधल्या पोकळीत बारीक दगड व माती भरलेली. वर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या, आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. ह्यास माळवद म्हणतात. पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती टाकावयाची, म्हणजे घर गळत नाही. असे वर्षानुवर्षे चालले की माथ्यावरचा भार किती वाढतो ह्याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. उन्हाळ्यात हे घर असे गार राहते की, त्यात एक दुपार काढलेला मनुष्य त्याला नावे ठेवणार नाही. जाड भिंतीचे आणि भरघोस माळवदाचे घर हे खाऊनपिऊन सुखी कुटुंबाचे लक्षण होते. त्या पहाटे भिंती आत कोसळल्या, माळवद खाली आले, आणि पुष्कळांचा अंत मातीत गुदमरून झाला. गवताच्या किंवा कुडाच्या झोपडीत निजलेला गरीब मात्र अनेक ठिकाणी सुखरूप बाहेर आला.

ह्यानंतर जे घडले त्याचे दोन भाग आहेत, आणि ते वेगळे ठेविले पाहिजेत. जी गावे समूळ नाहीशी झाली अशी बावन्न गावे सरकारने नव्या जागी वसविली. जागतिक बँकेचे कर्ज, राज्य सरकारचा पैसा आणि देशभरच्या देणग्या ह्यांतून ती उभी राहिली. काम प्रचंड होते आणि ते वेगाने झाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु नव्या गावांची आखणी शहराच्या वसाहतीसारखी झाली : सरळ रुंद रस्ते, सारखी घरे, रांगेने क्रमांक. जुन्या गावात भावकी एका गल्लीत असे, शेजार ठरलेला असे, बायकांच्या उठण्याबसण्याच्या जागा ठरलेल्या असत. ते सर्व विसकटले. पैसा खर्चून भिंती मिळाल्या, शेजार मिळाला नाही. हे दुःख त्या गावांतील वृद्ध माणसे पुढेही पुष्कळ वर्षे बोलून दाखवीत असत.

दुसरा भाग अधिक विस्तृत, आणि आपल्या विषयाचा उगम तेथे आहे. ज्या गावांत घरे पडली नाहीत, पण तडकली, भेगाळली, कलली, अशी गावे सहस्रावधी होती आणि त्यांतील घरे सुमारे दोन लाख. ह्या घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण मालकाने स्वतः करावयाचे, आणि सरकारने त्यास हप्त्याहप्त्याने साह्य द्यावयाचे, अशी योजना होती. कागदावर ती उत्तम होती. अभियंता गावात येई आणि सांगे : माळवदाची माती कमी करा, भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे लांब दगड आरपार बसवा, कोपरे बांधून घ्या, भिंतीच्या माथ्यावरून सिमेंट-काँक्रीटचा पट्टा फिरवा. एवढे केले की हेच घर पुढचा धक्का सोसील. हे शास्त्रशुद्ध होते. पण ऐकणाऱ्याच्या मनात काय चालले असेल ह्याचा विचार करा. ज्या दगडाखाली शेजारच्या गावातील आप्त गाडले गेले, तोच दगड पुन्हा रचा, असे एक परका मनुष्य सांगतो आहे, आणि तो स्वतः संध्याकाळी गाडीत बसून तालुक्याच्या गावी पक्क्या घरात झोपावयास जाणार आहे. लोक मान हालवीत आणि पत्र्याच्या निवाऱ्यात जाऊन झोपत. दगडाची धास्ती इतकी की चांगल्या धडधाकट भिंतीच्या घरात पाय ठेवावयास माणसे धजत नसत. साह्याचा पैसा हाती आला तरी पुष्कळ कुटुंबांनी जुने घर दुरुस्त करण्याऐवजी शेजारी एक नवी खोली उभी केली आणि जुन्या घराकडे पाठ फिरविली.

ह्या ठिकाणी सरकारने एक शहाणपणाची गोष्ट केली. स्वयं शिक्षण प्रयोग नावाच्या संस्थेकडे, जिच्या प्रमुख प्रेमा गोपालन ह्या होत्या, लोकसहभागाचे काम 1994 साली सोपविण्यात आले. गावागावांत महिला मंडळे होती. बहुतेक नावापुरती, हळदीकुंकवापुरती. त्यांतून दर गावात एक स्त्री निवडावयाची आणि तिला कार्यक्रमाची सर्व माहिती देऊन गाव व सरकारी यंत्रणा ह्यांच्या मध्ये उभी करावयाची, असे ठरले. तिला नाव मिळाले संवाद सहायक. हजाराहून अधिक गावांत अशा स्त्रिया उभ्या राहिल्या. त्यांतील कित्येकींनी तोपर्यंत चारचौघांत तोंड उघडले नव्हते, आणि अभियंता हा शब्द ऐकला असला तरी अभियंत्याशी बोलण्याचा प्रसंग आला नव्हता.

ही बाई करी काय? ती घरोघर जाई आणि कोणास किती साह्य मंजूर आहे ते सांगे. पहिला हप्ता कशावर खर्च करावयाचा आणि दुसरा केव्हा मिळतो, हे समजावी. घराची पाहणी होत असता अभियंत्याबरोबर फिरे. कोपऱ्याची भेग त्याच्या नजरेतून सुटली तर दाखवी. बांधकाम चालू असता गवंड्याने आरपार दगड बसविला की नुसता तोंडावर बसविल्यासारखा केला, हे पाही. गवंडी काही लबाडच असतो असे नाही, पण पिढ्यानपिढ्यांची सवय एका दिवसात जात नाही. आणि घराच्या धन्याला जे दिसत नसे ते दिवसभर घरी असणाऱ्या बाईला दिसे. पुरुषमाणसे शेतावर, ग्रामसभेत बायका मागे बसलेल्या, आणि घराची सर्वांत अधिक झळ त्यांनाच, अशी ती स्थिती होती. एकीने धीर करून दुरुस्त केलेल्या घरात पुन्हा चूल मांडली की दुसरी तेथे पाहावयास येई. आत निजून पाहिलेस काय, असा प्रश्न करी. ह्या प्रश्नाचे उत्तर अभियंत्याजवळ नव्हते. ते फक्त तिच्याजवळ होते.

अभियंत्यास मी कमी लेखीत नाही. काँक्रीटचा पट्टा कोठे घालावा हे त्यानेच सांगितले. ते त्या बायांस उपजत ठाऊक नव्हते. त्यांनी ते शिकून घेतले, स्वतःच्या घरावर करून पाहिले, आणि मग दुसरीस सांगितले. आपल्याकडे म्हणतात, ज्याचे जळते त्याला कळते. म्हण खरी आहे पण अर्धीच. जळलेल्यास कळते हे मान्य; परंतु ते दुसऱ्यास सांगता येणे ही निराळी विद्या आहे, आणि ती दुःखाबरोबर आपोआप येत नाही. लातूरच्या स्त्रियांस ती विद्या आली, कारण त्यांस आधी चार वर्षे काम करावे लागले, चुका कराव्या लागल्या, कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

येथे थोडा वेळ विषय सोडून दूरच्या एका घटनेकडे वळतो. तिचा संबंध लगेच ध्यानात येईल. 1935 सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील अ‍ॅक्रन नावाच्या शहरी न्यूयॉर्कचा एक दलाल व्यवहारासाठी गेला होता. त्याचे नाव बिल विल्सन. दारूने त्याच्या आयुष्याची धूळधाण केली होती आणि नुकतेच काही महिने त्याने ती सोडली होती. व्यवहार फसला. हॉटेलात एकटा उभा असता पलीकडच्या दारूच्या दालनातील हसणे त्याच्या कानी आले. पुन्हा पिण्याचा मोह आवरावा म्हणून त्याने शहरातील चर्चच्या धर्मगुरूंस दूरध्वनी केले आणि विचारले, येथे कोणी माझ्यासारखा दारूडा आहे काय, मला त्याच्याशी बोलावयाचे आहे. शोधता शोधता त्याची गाठ बॉब स्मिथ ह्या शल्यवैद्याशी पडली. हे डॉक्टर पंधरा मिनिटांत उठावयाचे ठरवून आले होते. बोलणे सहा तास चालले. बिलने उपदेश केला नाही, आपली कहाणी सांगितली. डॉक्टरांनी 10 जूनला शेवटचा पेला घेतला, आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही मंडळी तो दिवस आपला स्थापनादिन मानतात. ह्या गोष्टीतले मर्म असे की, बिल त्या डॉक्टरांकडे परोपकारासाठी गेला नव्हता, स्वतः बुडू नये म्हणून गेला होता. मदत करणाऱ्याचे मदत घेणाऱ्याइतकेच, कधी अधिकच, भले होते, हे तत्त्व पुढे 1965 साली फ्रँक रीसमन ह्या अमेरिकन संशोधकाने शास्त्रीय भाषेत मांडले. आपल्या पुण्यात 1986 साली डॉ. अनिल अवचट व डॉ. सुनंदा अवचट ह्यांनी पु. ल. देशपांडे ह्यांच्या साह्याने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काढले, तेथेही व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे कार्यकर्ते होऊन नव्या रुग्णांजवळ बसली. इंग्रजी देशांत हल्ली अशा माणसांस प्रशिक्षण देऊन वेतनावर नेमतात आणि त्यांचा एक स्वतंत्र व्यवसायच होऊ पाहत आहे.

दारू आणि भूकंप ह्यांत साम्य ते काय, असे कोणी विचारील. आपत्ती भिन्न, पण पडलेल्या मनुष्याची मनःस्थिती पुष्कळशी एक. त्यास वाटते, माझ्यावर जे आले ते कोणास कळावयाचे नाही. आणि ज्यास कळत नाही त्याचे मी का ऐकावे? ह्या कुंपणावरून आत जाण्याची वाट ज्यास ठाऊक असते तो कुंपणाच्या आत राहून आलेला असतो.

आता पुन्हा आपल्या बायांकडे. 26 जानेवारी 2001 रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास गुजरातेत कच्छची भूमी हादरली. प्रजासत्ताकदिनाची झेंडावंदने चालू होती. तेरा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. भूज, भचाऊ, अंजार ही शहरे आणि शेकडो खेडी उद्ध्वस्त झाली. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील संवाद सहायक आणि बचत गटांतील स्त्रिया त्यानंतर कच्छात गेल्या. ज्यांनी आठ वर्षांपूर्वी तालुक्याचे गावही एकटीने पाहिले नव्हते त्यांनी हा प्रवास केला. मराठवाड्यातून कच्छ काही जवळ नाही. भाषा वेगळी, पेहराव वेगळा, घरची रीत वेगळी. ह्यांची मराठी, त्यांची कच्छी, आणि मध्ये जमेल तशी हिंदी.

साह्य घेऊन कच्छात तेव्हा जगभरची माणसे आली होती. तंबू होते, औषधे होती, धान्य होते. ह्या बायांच्या हाती ह्यांतले विशेष काही नव्हते. त्या गावातून पायी हिंडत, पडलेल्या घराशी बसलेल्या बाईजवळ जाऊन बसत, आणि आमचेही असेच झाले होते असे सांगत. परंतु हे सांगून त्या थांबल्या असत्या तर मी हा विषय आज घेतला नसता. एकमेकींच्या गळ्यात पडून रडण्याने मन हलके होते खरे. घर उभे राहत नाही. त्यांनी पुढची गोष्ट सांगितली. आता पाहणी होईल, तेव्हा घरी हजर राहा. पैसा हप्त्याने येईल; पहिला हप्ता दुसऱ्या कामास लावाल तर दुसरा अडेल. गटाने एकत्र या, एकटीचे कोणी ऐकत नाही. कोणी परस्पर घर बांधून देतो म्हणाला तर ते कसे बांधतो हे पाहण्याचा हक्क मागा. आणि सर्वांत मोलाची गोष्ट अशी की, लातूरकडे काय चुकले हेही त्यांनी लपविले नाही. जे आपल्या यशाच्याच कथा सांगतात त्यांच्याविषयी ऐकणाऱ्याचा भरवसा लौकर उडतो. चूक कबूल करणाऱ्याजवळ मनुष्य आपली शंका काढतो.

कच्छात बहुतेक गावांनी मूळ जागा सोडून दूर वसण्यास नकार दिला, आणि सरकारनेही मालकाने आपले घर आपण बांधावे ही पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. ह्याचे श्रेय लातूरच्या बायांस देणे हे अतिशयोक्तीचे होईल. कच्छी लोक आपल्या भूमीस घट्ट धरून असतात, आणि सरकारी तज्ज्ञांनीही लातूरच्या अनुभवावरून धडा घेतला होता. परंतु तज्ज्ञांच्या अहवालात जो धडा होता तोच धडा ह्या बायांच्या तोंडी होता, आणि कच्छातल्या खेड्यापर्यंत अहवाल पोहोचत नव्हता. तेथेही मग गावोगाव स्त्रियांचे गट झाले, काही स्त्रिया गवंडीकाम शिकल्या. 1999 च्या ऑगस्ट महिन्यात तुर्कस्तानात मार्माराच्या भागात भूकंप झाला होता. तेथील स्त्रियांच्या गटांशीही ह्यांची पुढे गाठ पडली आणि अनुभवांची देवाणघेवाण झाली. तुर्की बाई आणि मराठवाड्यातील बाई दुभाष्याच्या मदतीने काय बोलल्या असतील ह्याची कल्पना करणे मला कठीण जात नाही. तात्पुरत्या निवाऱ्यातील चिखल दोन्ही देशांत सारखाच असतो.

एक सावधगिरीचा शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. दुःख भोगलेल्या गरीब बाईस पुढे करून तिच्याकडून फुकटात काम करून घेणे ही गोष्ट सरकारांस आणि संस्थांस फार सोयीची असते. तिचा अनुभव अमोल आहे असे भाषणात म्हणावयाचे आणि मोल द्यावयाच्या वेळी तो शब्द अक्षरशः खरा करावयाचा, असा प्रकार अनेक क्षेत्रांत घडतो. शिवाय आपली जखम वारंवार उघडी करून दाखविणे हे ज्याचे काम होऊन बसते, त्यास ती भरून येण्यास उसंत मिळत नाही. मुक्तांगणासारख्या ठिकाणी जुन्या व्यसनींकडे काम सोपविण्यापूर्वी ते स्वतः स्थिर झाले आहेत की नाही हे पाहावे लागते, ते ह्याचसाठी. सर्वच आपद्ग्रस्त असे काम करू शकत नाहीत, आणि न करू शकणाऱ्याचा त्यात काही कमीपणा नाही. किल्लारीच्या परिसरात अशीही माणसे आहेत ज्यांनी त्या पहाटेविषयी घरच्यांशीदेखील कधी शब्द काढला नाही. त्यांचे मौनही आदरानेच पाहिले पाहिजे.

हेही सांगितले पाहिजे की, संवाद सहायक होत्या त्या मुख्यतः दुरुस्तीच्या गावांतल्या. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्यापेक्षा त्यांचा घाव हलका होता, म्हणूनच कदाचित त्यांस उठून दुसऱ्यापाशी जाता आले. त्या तडकलेल्या भिंतींखाली निजल्या होत्या. हप्ता, पाहणी, गवंडी, कार्यालय ह्या पायऱ्या एकेक करून चढल्या होत्या. कच्छला त्यांनी नेली ती ही पायऱ्यांची ओळख.

प्रेमा गोपालन 2022 साली निवर्तल्या. 1993 च्या पहाटे पाळण्यात असलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत, आणि त्या वेळच्या संवाद सहायक आता आज्या झाल्या असतील. त्यांच्या संस्थेचे काम पुढे दुष्काळ, शेती आणि आरोग्य ह्यांकडे वळले. ज्या प्रदेशात पाऊस दर काही वर्षांनी दगा देतो तेथे ते स्वाभाविक होते.

26 डिसेंबर 2004 रोजी समुद्राची महाकाय लाट तामिळनाडूच्या किनाऱ्यावर चालून आली आणि नागपट्टणमकडील कोळ्यांच्या वस्त्या धुऊन गेली. त्यानंतर लातूर-उस्मानाबादच्या बाया तेथेही गेल्या. ह्या खेपेस भाषेचा उपाय मोडक्या हिंदीनेही होण्यासारखा नव्हता. दुभाषी घ्यावी लागली. त्या कोळणींसमोर वाळूत बसलेल्या मंडळींत ह्या वेळी मराठवाड्याच्या बाया एकट्या नव्हत्या. त्यांच्या शेजारी कच्छकडच्या बाया होत्या, ज्यांच्या पडलेल्या घरांपाशी चार वर्षांपूर्वी ह्या पहिल्याने जाऊन बसल्या होत्या.